‘गणशत्रू’ : डॉक्टर बरोबर होते, पण पुरावा कुठे होता?

सत्यजित राय यांचा ‘गणशत्रू’ हा बंगाली चित्रपट १९८९ सालचा. विज्ञान दिनाच्या निमित्ताने मी तो आमच्या नववी-दहावीच्या मुलांना दाखवला. भाषा बंगाली, त्यामुळे मधूनमधून थांबवून सांगावे लागत होते. पण मुले शेवटपर्यंत बसली. चित्रपट संपल्यावर एका मुलाने विचारले, “सर, एवढी वर्षं लोक ते तीर्थ पितायत. मग सगळेच आजारी का नाही पडले?” दोन-चार मुले हसली. हा प्रश्न तर खलनायकाच्या बाजूचा झाला, असे म्हणून मीही तो हसण्यावारी नेला. घरी गेल्यावर मात्र जाणवले की प्रश्न अगदी योग्य होता. त्याचे उत्तर चित्रपटात नव्हते, आणि त्या दिवशी माझ्यापाशीही नव्हते. हे परीक्षण त्या प्रश्नामुळे लिहीत आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. नॉर्वेचा नाटककार हेन्रिक इब्सेन याच्या १८८२ सालच्या ‘लोकशत्रू’ या नाटकावर चित्रपट बेतलेला आहे. मूळ नाटकातल्या आरोग्यस्नानाच्या गावाऐवजी राय यांनी बंगालमधले चंडीपूर हे काल्पनिक गाव घेतले आणि स्नानगृहाच्या जागी त्रिपुरेश्वराचे मंदिर आणले. डॉ. अशोक गुप्ता यांच्याकडे काविळीचे रुग्ण वाढू लागतात. पाण्याची तपासणी होते आणि अहवाल येतो की पाणी दूषित आहे. जमिनीखालच्या नळांत कुठेतरी सांडपाणी शिरते आहे आणि तेच पाणी मंदिरात तीर्थ म्हणून दिले जाते आहे. नळ दुरुस्त होईपर्यंत मंदिर बंद ठेवा, असे डॉक्टर सांगतात. मंदिर बांधणारा भार्गव, नगरपालिकेचा अध्यक्ष असलेला डॉक्टरांचा धाकटा भाऊ निशीथ आणि स्थानिक वृत्तपत्राचा संपादक असे सगळे मिळून डॉक्टरांचे तोंड बंद करतात. घरावर दगड पडतात, डॉक्टरांची आणि शिक्षिका असलेल्या त्यांच्या मुलीची नोकरी जाते.

चित्रपटाचे बलस्थान

राय यांची प्रकृती तेव्हा बरी नव्हती. बाहेरचे चित्रीकरण त्यांना शक्य नव्हते, म्हणून जवळजवळ सगळा चित्रपट खोल्यांमध्ये घडतो. याबद्दल त्याच्यावर नाटकी असल्याची टीका झाली. मला ती तितकीशी पटत नाही. सार्वजनिक आरोग्याचे निर्णय बहुधा खोल्यांमध्येच होतात. कोणाच्या तरी दिवाणखान्यात, कार्यालयात किंवा संपादकाच्या टेबलापाशी ते होतात, आणि ज्यांच्या पोटात ते पाणी जाते ती माणसे तिथे नसतात.

जाहीर सभेचा प्रसंग तर प्रत्येक शिक्षकाने पाहावा असा आहे. डॉक्टरांना बोलू न देण्यासाठी कोणी त्यांना मारत नाही. सभेचे नियमच त्यांच्याविरुद्ध वापरले जातात. त्यांना प्रश्न विचारला जातो तो पाण्याबद्दलचा नसतो. तुम्ही स्वतःला हिंदू मानता का, आणि या मंदिरात कधी गेला होतात का, हे विचारले जाते. डॉक्टर प्रामाणिक उत्तरे देतात आणि तिथेच सभा हरतात. मुद्द्याऐवजी माणसाची तपासणी सुरू झाली की काय होते, हे इतक्या थोड्या वेळात दाखवणारा दुसरा प्रसंग मला आठवत नाही. सौमित्र चॅटर्जी यांनी डॉक्टर वीर म्हणून रंगवलेला नाही. जरा भोळा, लोक आपले ऐकतीलच असे धरून चालणारा हा गृहस्थ आहे.

उणीव कुठे आहे?

तक्रार आहे ती चित्रपटातल्या विज्ञानाबद्दल. तिथे विज्ञान म्हणजे प्रयोगशाळेतून आलेला एक कागद. कागद आला की सत्य सिद्ध झाले. त्यानंतर उरतो तो फक्त त्यावर विश्वास ठेवणारे आणि न ठेवणारे यांच्यातला झगडा. रुग्ण गावाच्या एका दाट वस्तीतून जास्त येत आहेत, हे डॉक्टरांच्या ध्यानात येते. खरे शास्त्र इथे सुरू व्हायला हवे होते. पण चित्रपट तिथे थांबत नाही.

दुसऱ्या बाजूला भार्गवच्या तोंडी जो युक्तिवाद दिला आहे तो फारच सोपा आहे. तुळस आणि बेल यांनी तीर्थ शुद्ध होते, असे तो म्हणतो. सुशिक्षित प्रेक्षक हसतो आणि खटला निकालात निघतो. आमच्या मुलाचा प्रश्न यापेक्षा पुष्कळ अवघड होता. राय यांनी तो प्रश्न भार्गवला दिला असता, तर डॉक्टरांना खरे उत्तर द्यावे लागले असते.

ते उत्तर असे. दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ बहुधा ‘अ’ किंवा ‘ई’ प्रकारच्या विषाणूमुळे होते. विषाणू पोटात गेलेल्यांपैकी पुष्कळांना काहीही जाणवत नाही. ‘अ’ प्रकारचा संसर्ग लहानपणी होऊन गेला असेल तर मोठेपणी तो सहसा पुन्हा होत नाही. त्यामुळे एकाच नळाचे पाणी पिऊनही काही जणांचेच डोळे पिवळे होतात. दुसरी गोष्ट काळाची. हगवण एक-दोन दिवसांत दिसते. पण पाणी प्याल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन आठवड्यांपासून आठ-नऊ आठवड्यांपर्यंत वेळ जातो. साधारणपणे महिना-सव्वा महिना धरा. तोवर आपण काय प्यालो होतो हे कोणाच्या लक्षात राहते?

तीर्थक्षेत्राच्या बाबतीत तर यातून विलक्षण गोष्ट घडते. यात्रेकरू तीर्थ घेतो आणि दोन दिवसांत आपल्या गावी परततो. महिन्याने तो आजारी पडतो तो तिकडे, दूरच्या खेड्यात, दुसऱ्याच डॉक्टरच्या दवाखान्यात. म्हणजे डॉ. गुप्तांना दिसणारे रुग्ण हे एकूण रुग्णांचा लहानसा भाग असणार. चंडीपूरच्या नागरिकांना साथ किरकोळ वाटत असेल, तर त्यामागे अंधश्रद्धेइतकेच या हिशेबाचेही कारण आहे. आणि हा हिशेब समजावून देता येण्याजोगा आहे.

आता तो अहवाल. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत जिवाणू शोधतात, विषाणू नव्हे. आतड्यातले जिवाणू पाण्यात सापडले म्हणजे त्यात मैला मिसळला आहे, एवढे त्यातून कळते. कावीळ त्याच पाण्याने झाली, हे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. उलट, नमुना घेण्याच्या दिवशी पाणी स्वच्छ निघाले म्हणून ते महिन्यापूर्वीही स्वच्छ होते, असेही म्हणता येत नाही.

दिल्लीचे उदाहरण या दृष्टीने शिकण्यासारखे आहे. १९५५ च्या नोव्हेंबरात नजफगड नाल्याचे घाण पाणी यमुनेत उलटे सरकून वजिराबाद येथे शहरासाठी पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोचले. धोका ओळखून शुद्धीकरण केंद्रात क्लोरिन वाढवण्यात आले. विषमज्वर किंवा हगवण यांची साथ आली नाही. पण डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये काविळीचे सुमारे २९,३०० रुग्ण झाले. जिवाणूंना पुरे पडलेला उपाय विषाणूंना पुरा पडला नव्हता. ही कावीळ ‘ई’ प्रकारची होती, हे बऱ्याच वर्षांनी जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कळले.

खरा डॉक्टर गुप्ता

चित्रपटाच्या दहा-अकरा वर्षे आधी खऱ्याखुऱ्या एका डॉक्टरपुढे असाच पेच आला होता. १९७८ च्या हिवाळ्यात काश्मीर खोऱ्यात काविळीची मोठी साथ पसरली. गरोदर स्त्रिया तिला विशेष बळी पडत होत्या. श्रीनगरचे तरुण डॉक्टर मोहम्मद सुलतान खुरू गावांमध्ये गेले. त्यांनी घरोघर पाहणी केली आणि कोणत्या घरात कोण आजारी आहे, पाणी कुठून येते, याची नोंद घेतली. ज्या गावांचे पाणी एकाच ठिकाणचे, तिथे साथ. ज्यांचे पाणी वेगळे, तिथे ती नाही, असे चित्र समोर आले. रक्ताच्या तपासणीत ‘अ’ आणि ‘ब’ या ओळखीच्या प्रकारांची लक्षणे मिळाली नाहीत. हा वेगळाच विषाणू असावा, असे त्यांनी १९८० साली मांडले. १९८३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ मिखाईल बलायान यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो विषाणू पाहिला.

हे वाचताना ‘गणशत्रू’मध्ये काय राहून गेले ते स्पष्ट होते. डॉ. गुप्ता पाणी तपासून घेतात. डॉ. खुरू माणसे मोजतात, आजारी आणि धडधाकट अशी दोन्ही. पुरावा पाण्याच्या बाटलीत अर्धाच असतो. उरलेला अर्धा लोकांच्या घरात असतो. तो गोळा करताना दार वाजवावे लागते आणि घरातल्या बाईशी बोलावे लागते. मोजणीत सहभागी झालेला माणूस पुढे सभेत “तुम्ही हिंदू आहात का?” असे ओरडण्याची शक्यता कमी, कारण आपल्या आळीतले आकडे त्याने स्वतःच दिलेले असतात.

श्रद्धा आणि शास्त्र यांची चित्रपटातली सरळ विभागणी मला म्हणूनच खटकते. आपल्याकडे पालखीच्या मार्गावर आरोग्यसेवक विहिरींत टीसीएल पावडर टाकतो आणि वारकरी तेच पाणी पिऊन पुढे जातो. यात कोणाचीच श्रद्धा दुखावत नाही. डॉ. गुप्तांनाही मंदिराशी वैर नाही. पण नळ दुरुस्त होईपर्यंत तीर्थासाठी उकळलेले पाणी वापरा, अशी मधली वाट कोणी सुचवली असती तर? मग भार्गवचा नफाही बुडाला नसता आणि कथाही उरली नसती!

शेवटची आणि माझ्या मते सर्वांत मोठी उणीव म्हणजे दोष एका लोभी माणसावर टाकून चित्रपट मोकळा होतो. नळात मैलापाणी शिरते कसे, हे तो सांगत नाही. आपल्या बहुतेक गावांत पाणी दिवसातून तास-दोन तास येते. पाणी चालू असते तेव्हा नळातला दाब जास्त असतो आणि फटीतून पाणी बाहेर गळते. पाणी बंद झाले की दाब उतरतो, आणि शेजारून गटार वाहत असेल तर त्याच फटीतून घाण आत येते. नळ आणि गटार एकाच चरात, जुने लोखंड गंजलेले, दुरुस्तीला पैसा नाही, अशी स्थिती असेल तर तिथे भार्गव असण्याची गरज नसते. १९८१ साली कोल्हापुरात पाण्यातून काविळीची साथ आली आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तिचा अभ्यास केला. २०१२ साली इचलकरंजीत आणि २०१५-१६ मध्ये सिमल्यात तेच घडले. या गावांना साथ येण्यासाठी मंदिराचे तीर्थ लागले नाही. घरातला नळ पुरला.

वर्गात काय करावे?

चित्रपट जरूर दाखवावा. इब्सेनचा डॉक्टर शेवटी एकटा उभा राहण्यातच सामर्थ्य मानतो. राय यांच्या डॉक्टरला बाहेरून तरुणांच्या घोषणा ऐकू येतात आणि आपण एकटे नाही हे कळते. हा बदल मोलाचा आहे. पण घोषणांनी नळ सांधला जात नाही. म्हणून चित्रपट संपल्यावर मुलांना हे विचारावे : तुम्ही त्या तरुणांपैकी असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय केले असते?

आमच्या वर्गात या प्रश्नावरून पुढचे काम निघाले. मुलांनी आळीचा नकाशा काढला. नळ कुठून जातो आणि गटार कुठून, हे त्यावर दोन रंगांत दाखवले. नळ आणि गटार एकमेकांना ओलांडतात अशा पाच जागा निघाल्या. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याने ओटी चाचणी करून दाखवली : पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरिन शिल्लक आहे. आळीच्या टोकाच्या नळाला रंग आला नाही. हायड्रोजन सल्फाइडची बाटलीही वापरता येते. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली ही सोपी चाचणी प्रसिद्ध केली. पाणी काळे झाले तर त्यात मैला मिसळल्याचा संशय घ्यायचा. काळे झाले नाही म्हणजे पाणी निर्धोक, असे मात्र मुलांना समजू देऊ नये.

ज्या मुलाने प्रश्न विचारला होता, त्याला मी आठवड्याने वर्गासमोर उत्तर दिले आणि त्या दिवशी हसल्याबद्दल त्याची माफीही मागितली. त्याने ऐकून घेतले आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला, “सर, मग टोकाच्या नळाचं कोणाला सांगायचं?” त्याचे पत्र मुलांनीच लिहिले, नकाशा जोडून, ग्रामपंचायतीला.