'खेळ' आणि क्रीडा

महाराष्ट्र शासनाने २०१५ साली दहीहंडीस 'साहसी खेळ' ठरविले. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने चीअरलीडिंगच्या जागतिक संघटनेस पूर्ण मान्यता दिली. दोहोंत मानवी मनोरे, वादही एकच. मात्र 'खेळ' हा शब्द येथे निर्णयास अपुरा पडतो. बोरी अरबकडील बोलण्यात डोंबारी 'खेळ' करतो, नाटकाचा 'खेळ' लागतो, कबड्डीही खेळच! शासकीय संज्ञेने हीच संदिग्धता उचलली आहे. क्रीडा म्हणावयाची तर नियम, पंच व गुणदान हवे. मल्लखांबास ते लाभले. म्हणून दुसऱ्या संघास उत्तेजन देण्यापुरते चीअरलीडिंग क्रीडा नव्हे; स्वतः स्पर्धेत उतरलेले निःसंशय क्रीडाच. चौकातील हंडीस बहुधा पंच नसतो. तिला केवळ 'साहसी' म्हटल्याने वरच्या थरावरून कोसळणाऱ्या गोविंदाच्या संरक्षणाची तरतूद होत नाही.