फळ्यावरची दुर्बीण आणि सोनाळ्याची रात्र

दुर्बिणीचा धडा शिकवताना फळ्यावर सहसा दोन भिंगे, चार किरण आणि एक प्रतिमा अवतरते. या आकृतीबद्दल आमची तक्रार अशी, की तिच्यात तापमान कुठेच नाही. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात हे एका प्रकरणात येते, भिंगे दुसऱ्यात. दोहोंची गाठ घालायची राहून जाते. आकृती साधी असावी याला आमचा विरोध नाही. पण तिथेच थांबणे मात्र महागात पडते.

सोनाळा हे बुलढाणा जिल्ह्यातले सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. अशा गावात पत्र्याखालच्या खोलीत दिवसभर तापलेली दुर्बीण रात्री मैदानात आणली, तर शनीचे कडे धूसर दिसेल. मग दुर्बिणीला नावे ठेवली जातात आणि ती कपाटात जाते.

प्रत्यक्षात काय घडते? अॅल्युमिनियमची 1 मीटर लांबीची नळी 20 अंश सेल्सिअसने निवली, की सुमारे 0.46 मिलिमीटर आखडते. 10 सेंटिमीटर व्यासाच्या आणि 1 मीटर नाभीय अंतराच्या वस्तुभिंगाला साधारण 0.1 मिलिमीटर एवढीच चूक खपते. हा दोष नेत्रिका पुढेमागे सरकवून दूर होतो.

पुढचा दोष तसा जात नाही. रंगीत कडा टाळण्यासाठी वस्तुभिंग क्राउन आणि फ्लिंट अशा दोन काचांचे करतात. डॉलंडने त्याचे पेटंट 1758 मध्ये घेतले. भिंगाची कड आधी निवते, मध्य मागाहून. तोवर दोन्हीकडचा आकार आणि अपवर्तनांक किंचित वेगळा राहतो व सगळे किरण एका बिंदूत येत नाहीत. तीन भिंगांच्या दुर्बिणीत मधले भिंग सर्वांत उशिरा निवते, म्हणून ती अधिक वेळ मागते.

तिसरी गोष्ट भिंगाभोवतीच्या कड्याची. लोहार लोखंडी धाव तापवून बैलगाडीच्या चाकावर चढवतो. निवल्यावर ती चाकाला करकचून आवळते. 20 अंशांच्या फरकात 10 सेंटिमीटरचे अॅल्युमिनियमचे कडे त्यातल्या काचेपेक्षा सुमारे 0.03 मिलिमीटर जास्त आखडते. तेवढी मोकळीक ठेवलेली नसेल, तर काच दाबली जाते आणि तारा त्रिकोणी दिसू शकतो.

तेव्हा शिक्षकांना आमची सूचना अशी: दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवावी. शेजारी तापमापक असावा. दर दहा मिनिटांनी मुलांनी एकच तारा स्पष्ट करून नेत्रिकेची जागा पट्टीने मोजावी आणि तापमानासह आलेख काढावा. कपाटात जाणारी दुर्बीण अशाने दोन प्रकरणे एका रात्रीत शिकवील.