आठशे फुटांचा बोअर आणि पडद्यावरचा प्रलय

वरूड-मोर्शीच्या संत्रा बागायतदाराला आठशे फुटांचा बोअर काय असतो ते समजावून सांगावं लागत नाही. पाणी खाली गेल्यापासून तिथे बोअरची गाडी तितकी खोल जाते आणि अनेकदा कोरडा भुकटाच वर येतो. मायकेल बेच्या ‘आर्मागेडन’मध्ये (1998) पृथ्वीवर आदळायला निघालेला लघुग्रह टेक्सासएवढा, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा आहे. त्याला आठशे फुटांचं भोक पाडायचं, आत अणुबॉम्ब सोडायचा, की दोन तुकडे पृथ्वीच्या दोन्ही अंगांनी निघून जातील, असा बेत. त्यासाठी तेलविहिरी खोदणारे गडी अंतराळात धाडले जातात. सगळं गंभीर चेहऱ्यानं चालतं, आणि वऱ्हाडातला प्रेक्षक हसतो. आठशे फुटांत आपल्या वावराचंही पोट कळत नाही, हे त्याला ठाऊक असतं.

तरीही विज्ञान चुकलं म्हणून असा सिनेमा हास्यास्पद होतो, हे मला पटत नाही. 1972 चा ‘द पोसायडन ॲडव्हेंचर’ घ्या. महाकाय लाटेनं जहाज उलटतं; छत खाली, तळ वर. एवढा एकच नियम. पुढे प्रत्येक जिना, प्रत्येक दार, प्रत्येक माणसाचं वजन त्या नियमाला बांधलेलं राहतं. शेली विंटर्सची थोराड बाई पाण्याखालून पोहत जाते तेव्हा आजही श्वास अडकतो. निर्माता अर्विन ॲलन. त्याच ॲलननं सहा वर्षांनी ‘द स्वॉर्म’ काढला. मायकेल केन, हेन्री फोंडा अशी बडी माणसं घेतली, आणि त्यांच्यासमोर मधमाश्या रेल्वे रुळांवरून पाडतात, अणुऊर्जा केंद्र उडवतात. इथे संकटाला मर्यादाच नाही. पटकथेला हवं ते माश्या करतात. मग भीती कशाची वाटणार?

रोलंड एमरिचनं हीच चूक अफाट पैसा ओतून पुन्हा पुन्हा केली. ‘द डे आफ्टर टुमॉरो’त (2004) थंडी माणसांचा पाठलाग करते आणि दार लावलं की थांबते. ‘2012’मध्ये (2009) लॉस एंजलिस खचत जातं, पण भेग नायकाच्या गाडीच्या मागेच राहते. लाखो माणसं मरतात आणि त्यांच्यासाठी कुणी क्षणभर थबकत नाही. प्रेक्षागृहातलं हसू मला इथे निर्दय वाटत नाही. मरण खोटं ठरवलं गेलंय हे ओळखल्याची ती खूण आहे. ‘मूनफॉल’मध्ये (2022) चंद्रच पोकळ निघाला, सुमारे 14 कोटी डॉलर खर्चून निम्मेही परत आले नाहीत.

गंभीर प्रसंग हास्याच्या किती जवळ असतो, हे 1980 च्या ‘एअरप्लेन’नं दाखवलं. त्याच्या तिघा दिग्दर्शकांनी ‘झीरो अवर’ या 1957 च्या गंभीर सिनेमाचे हक्क घेतले, कथा आणि कित्येक संवाद जवळजवळ जसेच्या तसे ठेवले. डॉक्टरच्या भूमिकेत लेस्ली निल्सन, म्हणजे ‘पोसायडन’चाच कप्तान. त्यानं चेहऱ्याची सुरकुतीही हलवली नाही आणि जग हसून लोळलं.

त्याच वर्षी आपल्याकडे रवी चोप्रांचा ‘द बर्निंग ट्रेन’ आला. धर्मेंद्र, विनोद खन्ना, जितेंद्र, हेमामालिनी, परवीन बाबी. सोबत प्रेमभंग आणि कव्वाली. अमरावतीत जिथे चौकांनाही श्याम, प्रभात, चित्रा अशी टॉकीजची नावं आहेत, तिथल्या पिढीला हा सिनेमा वेगळा सांगायला नको. त्यातला पसारा आज हसवतो, हे खरं. पण गाडी सुटते, ब्रेक निकामी होतात, आणि थांबवायची कशी हा प्रश्न उरतो, तिथून तो माझ्यावर पकड घेतो. रेल्वेचे खरे डबे, खरी आग. संगणकाच्या लाटेला ते वजन नाही.

2017 च्या ऑक्टोबरात ‘जिओस्टॉर्म’ आला. त्यात बिघडलेल्या उपग्रहांमुळे मुंबईवर चक्रीवादळांचे भोवरे उतरतात. त्याच हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली. शेत वरून हिरवंगार, झाड बोंडांनी लदलेलं. बोंड फोडल्यावरच आतली नासाडी दिसायची. या आपत्तीला आवाज नाही. ती पडद्यावर कशी आणायची, हा खरा कलेचा प्रश्न आहे.

त्याचं एक उत्तर 2009 मध्ये सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’नं दिलं. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर अलकाला धास्ती बसते की आपला नवरा किसनाही तेच करील. ती मुलाला त्याच्या मागावर ठेवते, सासूला लक्ष ठेवायला लावते, पुरणपोळी करून घालते. गिरीश कुलकर्णींचा किसना या पाळतीनं वैतागतो, आणि आपण हसतो. हे हसू दिग्दर्शकानं मोजून ठेवलंय. घाबरलेली माणसं वेडंवाकडं वागतात आणि त्या वागण्यात माया असते, हे त्याला माहीत आहे. म्हणून पेरणी फसते तेव्हा कुणाला हसू येत नाही. हॉलिवूडच्या प्रलयपटांत नायकाची एखाद-दुसरी चटकदार ओळ सोडली तर माणसांना असं हसायला जागाच नाही, आणि ती अडवलेली जागा प्रेक्षक स्वतः घेतो.

मोठा खर्च वाईटच, असं मी म्हणत नाही. केरळच्या पुरावरचा मल्याळम ‘2018’ (2023) पाण्याचा प्रचंड देखावा उभा करतो, पण मासेमारांच्या नावा ट्रकवर चढून येतात तेव्हा गहिवरायला होतं, कारण त्या खरोखर तशाच आल्या होत्या. वरुडाशेजारी मोवाड आहे. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या पुरात तिथली दोनशेहून अधिक माणसं गेली. त्यावर कुणी चित्रपट करायला घेतला तर पाण्यासाठी पैसा लागेलच. त्याआधी पाणी कोणत्या गल्लीतून शिरलं, कोण कोणाच्या माळवदावर चढलं, दावणीची जनावरं कुणी सोडली आणि कुणाला जमलं नाही, हे वाचलेल्यांकडे बसून विचारावं लागेल. त्यांतले बरेच जण आता म्हातारे झालेत.