काला अंब आणि जिंकण्याची क्रियापदे

पानिपत शहराबाहेर ‘काला अंब’ या स्थळी विटांचा एक स्मारकस्तंभ उभा आहे. रणात सांडलेल्या रक्ताने ज्याचा रंग काळवंडला असे लोक सांगत आले, तो आंबा केव्हाच नाहीसा झाला. त्याचे नाव तेवढे जागेला चिकटून राहिले. हरियाणातला ‘अंब’ आणि मराठी ‘आंबा’ ही एकाच ‘आम्र’ शब्दाची लेकरे आहेत. १४ जानेवारी १७६१ रोजी या परिसरात जे घडले ते सांगताना इंग्रजीतून विचार करणाऱ्या लेखकाच्या लेखणीवर ‘काँकर’ हे क्रियापद सहज येते : अब्दालीने मराठ्यांना ‘काँकर’ केले. वाक्य व्याकरणात निर्दोष आहे, इतिहासात मात्र लंगडे आहे. आणि ते तुर्की अनुवादकाच्या हाती पडले की त्याचे लंगडेपण लपत नाही.

या इंग्रजी क्रियापदाचे मूळ लॅटिन आहे आणि त्या मुळाचा अर्थ ‘शोधून मिळवणे’ असा होता. फ्रेंचमार्गे इंग्रजीत येईपर्यंत मिळवण्याचे बळकावणे झाले. पुढे मुलूख, शत्रू, शिखर, भय, हृदय असे काहीही त्याचे कर्म होऊ लागले. तुर्की एवढी सैल नाही. शहर किंवा देश जिंकला तर तेथे ‘फेत्हेत्मेक’ म्हणतात. हा अरबी ‘फतह’ला ‘करणे’ या अर्थाचे तुर्की क्रियापद जोडून झालेला शब्द आहे, आणि ‘फतह’ म्हणजे मुळात ‘उघडणे’. १४५३ मध्ये इस्तंबूल घेणारा सुलतान मेहमेद म्हणूनच ‘फातिह’, म्हणजे उघडणारा, ठरला. माणसाला, फौजेला किंवा स्वतःच्या भीतीला हरवायचे असेल तर अस्सल तुर्की ‘येन्मेक’ वापरतात; बळजोरीने ताब्यात घ्यायचे असेल तर ‘झाप्तेत्मेक’. हृदय मात्र तेथेही ‘फतह’च होते, कारण हृदयाला दार असते अशी कल्पना तुर्कांनाही परकी नसावी.

पानिपताच्या संदर्भात हा भेद निर्णायक ठरतो. तुर्की भाषेचे या भूमीशी नाते जुने आहे. २१ एप्रिल १५२६ ची येथील लढाई बाबराने स्वतः चगताई तुर्कीत लिहून ठेवली. तिचे फारसी भाषांतर पुढे अकबराच्या काळात अब्दुर्रहीम खानखानाने केले. बाबर जिंकला आणि राहिला. त्याच्या विजयाने देश ‘उघडला’, म्हणून तेथे ‘फतह’ शोभते. अब्दाली जिंकला आणि १७६१ च्या मार्च महिन्यात दिल्लीहून परत फिरला. दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, महादजी शिंद्यांच्या फौजा पुन्हा दिल्लीत होत्या. अब्दालीने लढाई जिंकली, मुलूख जिंकला नाही. त्याच्यासाठी ‘येन्मेक’ एवढेच म्हणता येते. इंग्रजी ‘काँकर’ ही दोन्ही पानिपते एका रंगात रंगवते आणि मराठी ‘जिंकणे’सुद्धा याबाबतीत फारसे सावध नाही.

सावध नाही, पण दरिद्रीही नाही. मराठीत किल्ला आणि शिखर सर होते, शत्रूवर मात होते, ठाणे काबीज होते, मुलूख पादाक्रांत होतो, मोहीम फत्ते होते. यांतले बहुतेक शब्द अरबी-फारसीतून आले आणि त्यांना ‘करणे’, ‘होणे’ लावून मराठीने नेमका तुर्कीसारखाच संसार थाटला. ‘फत्ते करणे’ आणि ‘फेत्हेत्मेक’ यांची बांधणी एकच. मार तर दोन्ही भाषांत ‘खाल्ला’च जातो. ‘तोफ’, ‘कुमक’, ‘एल्गार’ हे शब्द मुळातच तुर्की, फारसीच्या घरून मराठीत आलेले. एवढे साम्य पाहून अनुवादक निश्चिंत होतो, आणि नेमका तेथेच फसतो. मराठीत ‘जप्त’ होते ते कर्जदाराचे घर. तुर्कीत त्याच शब्दाने नगर पडते. ‘काबीज’ ज्या अरबी धातूपासून आला, त्याचाच आजचा तुर्की शब्द बद्धकोष्ठासाठी वापरतात, हे इतिहासकथेच्या अनुवादकाने विसरू नये!

खरा पेच ‘शिकस्त’चा आहे. फारसीत त्याचा अर्थ मोडणे, पराभव. मराठीत मात्र ‘प्रयत्नांची शिकस्त’ केली जाते, म्हणजे मोडून पडेपर्यंत झटले जाते. पराभवाचे नाव पराकाष्ठेला दिले गेले. भाऊसाहेबांनी शिकस्त केली, असे वाक्य बखरीच्या वळणाने लिहिले तर ते हरले की झुंजले? मराठी वाचक दोन्ही अर्थ एकाच वेळी ऐकतो. अनुवादकाला एक निवडावा लागतो, आणि कोणताही निवडला तरी अर्धे पानिपत हातून सुटते.

पराभवाची बातमी पेशव्यांकडे निघाली ती सावकारी संकेतांत : मोती, मोहरा, खुर्दा. गळणे आणि हरपणे ही तिची क्रियापदे. शत्रूच्या विजयाचे क्रियापद तीत नाही. त्याच रणाचा साक्षीदार काशीराज पंडित, शुजाउद्दौल्याच्या पदरचा दक्षिणी ब्राह्मण, याने आपला वृत्तान्त फारसीत लिहिला आणि जेम्स ब्राउन यांनी तो इंग्रजीत नेला. म्हणजे मराठी माणसाने डोळ्यांनी पाहिलेला पराभव जगाला आधी फारसी आणि मग इंग्रजी क्रियापदांतून कळला. शेजवलकरांच्या ‘पानिपत : १७६१’चे महत्त्व या दृष्टीनेही तपासण्याजोगे आहे. गोविंदाग्रजांनी या विषयासाठी ‘फटका’ हा रचनाप्रकार घेतला, हाही योगायोग मानण्याचे कारण नाही.

मराठी बोलीने आपला निर्णय फार पूर्वी केला. तिने क्रियापद शोधलेच नाही. गावाच्या नावालाच ‘होणे’ लावले. निवडणुकीत, परीक्षेत, धंद्यात माणसाचे पानिपत होते. हा प्रयोग तुर्कीत कसा न्यावा? बाबराच्या आठवणी वाचलेल्या तुर्काला पानिपत हे जिंकल्याचे ठिकाण म्हणून ठाऊक असते. ‘त्याचे पानिपत झाले’ हे वाक्य शब्दशः नेले, तर त्या माणसाचे अभिनंदन करावे असे त्याला वाटेल.