दहा राग, एक ठेका

मुंबईच्या चित्रपटसंगीतांत वादक म्हणून वावरलेल्या चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही १९८२ सालची तबकडी २०१० सालीं पुनः प्रसिद्ध झाली, तेव्हां मीं ती प्रथम ऐकली आणि हुरळून गेलों. शिकागोच्या ‘ॲसिड हाउस’ या नृत्यसंगीताला १९८७ सालीं जो नाद गवसला, तो मुंबईंत पांच वर्षें आधींच उमटला होता, याचाच मला अभिमान वाटला. परवां ती पुनः ऐकली, तेव्हां तो अभिमान पोरकट वाटला. आधीं कोण, हा प्रश्न इतिहासकाराचा. रसिकाचा प्रश्न निराळा आहे : येथें राग उरतो काय?

उरतो, पण सर्वत्र नाहीं. आपल्या रागाला स्थिर षड्जाचा आधार पुरतो. म्हणून ‘टीबी-३०३’ या यंत्राची फिरून फिरून तेथेंच येणारी खर्जांतील ओळ तंबोऱ्यासारखी भासते. त्या यंत्राचे स्वर एकमेकांवर घसरत जातात, तेव्हां मींडेची आठवण होते. भैरवांत हें नातें मनोज्ञ जमलें आहे. परंतु मालकंसाचें गांभीर्य विलंबितांत खुलतें. नाचाच्या अखंड ठेक्यांत त्याला श्वास घ्यावयासहि जागा नाहीं. त्याचा चेहरा ओळखूं येतो, मन भेटत नाहीं.

सिंग २०१५ सालीं निवर्तले. त्यांना द्रष्टे म्हणून गौरविण्यापेक्षां वादक म्हणून, गुणदोषांसह ऐकणें, हाच त्यांचा खरा सन्मान होय.