जंतूची ओळख आणि देहाचे रक्षण : एक चिकित्सा

१९८९ साली कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या परिसंवादग्रंथात चार्ल्स जेनवे यांनी उपजत प्रतिकारसंस्थेविषयी जो विचार मांडला, त्याने या शास्त्राला नवी दिशा दिली, हे निर्विवाद आहे. यजमानाच्या पेशींत न आढळणारे काही रासायनिक आकृतिबंध जंतूंच्या ठिकाणी असतात. देहातील जन्मजात ग्राही ते ओळखतात व प्रतिकारास आरंभ होतो, असे त्याचे सार. टोल-सदृश ग्राही क्रमांक ४ सदोष असलेल्या उंदरांना जंतूंच्या अंतर्विषाची जाणीवच होत नाही, असे १९९८ साली सिद्ध झाले, तेव्हा या विचारास भक्कम आधार लाभला.

तथापि या उपपत्तीचा जो अर्थ आपल्याकडे पाठ्यपुस्तकी वळणाने घेतला जातो, त्यात दोन गृहीते दडलेली असतात. एक, जंतूचा आकृतिबंध स्थिर असतो. दुसरे, ओळख पटली की रक्षण होतेच. हिरड्यांच्या जुनाट विकाराशी निगडित असलेला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जंतू या दोन्ही गृहीतांची परीक्षा पाहतो.

प्रथम आकृतिबंधाचा विचार करू. एश्चेरिशिया कोलायच्या लिपिड-ए या रेणूत मेदाम्लांच्या सहा साखळ्या असतात व क्रमांक ४ चा ग्राही त्याने प्रखरपणे उद्दीपित होतो. जिंजिव्हॅलिसच्या लिपिड-एमध्ये चार किंवा पाच साखळ्या आढळतात. पाच साखळ्यांचे रूप या ग्राहीस दुर्बलपणे चेतविते. चार साखळ्यांचे रूप त्याला उलट रोखू शकते. शिवाय परिसरात हेमिन विपुल झाले की चार साखळ्यांच्या रूपाचे प्रमाण वाढते, असे २००६ साली दाखविण्यात आले. हेमिन रक्तातून मिळते आणि सुजलेल्या हिरडीतून रक्त येते. म्हणजे ज्याला आपण जंतूचे ओळखचिन्ह म्हणतो, ते रोगाच्या अवस्थेनुसार बदलू शकते.

हा जंतू क्रमांक २ च्या ग्राहीकडून ओळखला जातो, याविषयीचा वाद तर अधिकच उद्बोधक आहे. त्याच्या लिपोपॉलिसॅकराइडमुळे हा ग्राही चेतविला जातो, असे आरंभी मानले गेले. परंतु २००४ साली हाशिमोतो व सहकाऱ्यांनी अशा द्रव्यातून एक लिपोप्रथिन वेगळे केले आणि ती क्रिया त्या लिपोप्रथिनाकडे बोट दाखवू लागली. द्रव्याच्या शुद्धतेची कसोटी न लावता काढलेले निष्कर्ष किती डळमळीत असतात, याचा हा वस्तुपाठ होय.

दुसऱ्या गृहीताची स्थिती याहून बिकट आहे. क्रमांक २ चा ग्राही नसलेल्या उंदरांनी या जंतूचा निचरा अधिक त्वरेने केला व त्यांच्या दंतधारक अस्थीची झीजही टळली, असे बर्न्स व सहकाऱ्यांनी २००६ साली नोंदविले. ओळखणारा ग्राही असणे येथे यजमानालाच बाधक ठरले. २०१४ सालच्या संशोधनाने त्याचे एक कारण पुढे आणले. पूरक संस्थेतील सी-५-ए चा ग्राही आणि क्रमांक २ चा ग्राही यांना हा जंतू एकत्र गुंतवितो. त्यामुळे श्वेतपेशींची भक्षणक्रिया मंदावते, दाह मात्र चालूच राहतो. म्हणून ‘जंतू प्रतिकारसंस्थेला चकवितो’ हे रूढ वर्णन अपुरे वाटते. पूर्णपणे चकविले असते, तर दाह उद्भवला नसता आणि दाहातून पाझरणारे पोषणही जंतूला लाभले नसते. त्याला हवे आहे ते ओळख पटणेच, पण तिचे पर्यवसान आपल्या नाशात होऊ न देणे.

येथे अतिव्याप्तीही टाळली पाहिजे. हे पुरावे बहुतांशी उंदरांवरील आहेत. २०११ साली हाजीशेंगॅलिस यांच्या गटाने दाखविले की, जंतुविरहित उंदरांत एकटा जिंजिव्हॅलिस अस्थिक्षय घडवू शकला नाही. त्यासाठी मुखातील सहवासी जंतूंचा समुदाय आवश्यक होता. तेव्हा एका जंतूची ओळख अभ्यासून संपूर्ण रोगाचा उलगडा झाला, असे मानणे युक्त नाही. त्याचप्रमाणे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मानवी चाचणीत सी-३ या पूरक प्रथिनाला रोखणाऱ्या औषधाने हिरड्यांचा दाह घटला, ही गोष्ट आशादायक असली, तरी दाह घटणे आणि हाड वाचणे यांत अंतर आहे.

यापुढे या विषयावरील प्रबंध वाचताना, अमुक ग्राही जंतूला ओळखतो, एवढ्या विधानावर विद्यार्थ्यांनी समाधान मानू नये. द्रव्य कितपत शुद्ध होते, जंतू कोणत्या परिस्थितीत वाढविला होता आणि त्या ओळखीचा लाभ अखेर कोणास झाला, हे तीन प्रश्न त्यांनी लेखकास अवश्य विचारावेत.