माहितीचे कोठार आणि शब्दांचा अर्थ : दोन संप्रदायांचे परीक्षण

रोजकीर्द आणि खतावणी यांतील भेद मराठी व्यापाऱ्यास समजावून सांगावा लागत नाही. रोजकीर्दीत व्यवहार ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने नोंदला जातो. खतावणीत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडला जातो. पहिलीचे प्रयोजन व्यवहार निसटू नये हे, तर दुसरीचे प्रयोजन स्थिती कळावी हे होय. संगणकीय माहिती-व्यवस्थेत दैनंदिन व्यवहार सांभाळणारी प्रणाली आणि ‘डेटा वेअरहाऊस’, म्हणजे माहितीचे कोठार, यांत हाच भेद आहे. तथापि एका ठिकाणी हे साम्य संपते. खतावणी एका रोजकीर्दीवरून, बहुधा एकाच हाताने, उतरविली जाते. कोठारात मात्र अनेक विभागांच्या अनेक रोजकीर्दी एकत्र येतात आणि त्या लिहिणाऱ्यांनी एकाच शब्दाचा एकच अर्थ घेतलेला असेल याची शाश्वती नसते. कोठाराच्या रचनेचा खरा प्रश्न येथे उद्भवतो.

या विषयाची सैद्धांतिक मांडणी फार जुनी नाही. १९८८ साली बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी आयबीएमच्या नियतकालिकात अशा कोठाराची वास्तुरचना मांडली. पुढे १९९० च्या दशकाच्या आरंभी विल्यम इन्मन यांचा ‘बिल्डिंग द डेटा वेअरहाऊस’ हा ग्रंथ आणि १९९६ साली राल्फ किंबॉल यांचा ‘द डेटा वेअरहाऊस टूलकिट’ हा ग्रंथ पुढे आला. यांतून दोन संप्रदाय निर्माण झाले. त्यांचा वाद ‘वरून खाली की खालून वर’ या शब्दांत सांगण्याची रूढी पडली आहे. ही रूढी सोयीची असली तरी दिशाभूल करणारी आहे.

इन्मन यांच्या व्याख्येप्रमाणे कोठार विषयकेंद्री, एकात्म, काळाची नोंद राखणारे आणि एकदा नोंदलेले न बदलणारे असते. संपूर्ण संस्थेची माहिती प्रथम पुनरुक्तिरहित अशा संबंध-सारण्यांत एकत्र करावी आणि मग त्यातून एकेका विभागासाठी लहान भांडारे काढावीत, हा त्यांचा क्रम. किंबॉल यांचा आरंभ याउलट एका व्यवसाय-प्रक्रियेपासून होतो. प्रक्रिया निवडावी, सारणीतील एका ओळीने नेमके काय दर्शवावयाचे ते ठरवावे, मग परिमाणे आणि शेवटी मोजावयाची तथ्ये निश्चित करावीत. किराणा दुकानांच्या साखळीच्या उदाहरणापासून आरंभ करून एकेका व्यवसायातून सिद्धांत उलगडण्याची त्यांची पद्धती ही त्यांच्या ग्रंथाची मोठी शक्ती आहे. शिल्लक साठ्यासारखी संख्या निरनिराळ्या दुकानांची मिळवता येते, परंतु निरनिराळ्या दिवसांची मिळवता येत नाही, यासारखे बारकावे त्यांनी ज्या स्पष्टतेने शिकविले त्यास तोड नाही.

परंतु दोन्ही ग्रंथ एका अशा गोष्टीवर उभे आहेत की जी कोणतीही रचना स्वतः निर्माण करू शकत नाही. ती गोष्ट म्हणजे अर्थाविषयीचे एकमत. इन्मन यांची ‘एकात्मता’ आणि किंबॉल यांची सर्व प्रक्रियांना समान असलेली ‘सुसंगत परिमाणे’ ही त्या एकमताचीच दोन नावे आहेत. एखाद्या कारखान्यात ‘विक्री’ हा शब्द घ्यावा. विक्रेत्याच्या दृष्टीने मागणी नोंदली की विक्री झाली. गोदामाच्या दृष्टीने माल बाहेर पडला की झाली. रोखपालाच्या दृष्टीने पैसे हाती आले की झाली. तिघांचेही आकडे आपापल्या जागी शुद्ध आहेत. कोठारात ‘विक्री’ नावाचा एकच स्तंभ ठेवला तर त्यांपैकी दोघांचा पराभव होतो, आणि तो बहुधा बैठकीत न होता रचनाकाराच्या टेबलावर निमूटपणे होतो. ‘व्यवसायाच्या गरजेप्रमाणे रचना करावी’ हे वचन येथे अपुरे पडते. कारण गरज एक नसते, आणि परस्परविरोधी गरजांतून कोणती निवडावी हे ते वचन सांगत नाही.

काळाच्या संदर्भात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा नवा जिल्हा झाला आणि वसई, डहाणू, जव्हार इत्यादी आठ तालुके त्यात गेले. वसईतील एका दुकानाच्या नोंदीत ‘जिल्हा : ठाणे’ असे होते. त्याचे काय करावे? किंबॉल यांनी तीन रीती सांगितल्या : जुने मूल्य पुसून नवे लिहावे, नव्या मूल्याची स्वतंत्र ओळ घालावी, अथवा जुन्या मूल्यासाठी निराळा स्तंभ ठेवावा. पहिली रीत स्वीकारली तर २०१३ सालची ठाण्याची विक्री आज काढलेल्या अहवालात घटलेली दिसते, जरी २०१३ मध्ये एकही व्यवहार बदललेला नाही. दुसरी स्वीकारली तर विभाजनाच्या वर्षी ठाण्याचा व्यापार एकाएकी खचल्याचा भास होतो. आकडे दोन्हीकडे खरेच आहेत. बदलला आहे तो ‘ठाणे’ या शब्दाचा अर्थ. त्या अर्थाची नोंद अहवालासोबत नसेल तर एखाद्या अधिकाऱ्याची बढती वा एखादी शाखा बंद करण्याचा निर्णय या भासावर आधारला जाऊ शकतो.

किंबॉल यांच्या ग्रंथाच्या २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत या रीतींची गणना शून्यापासून सातपर्यंत गेली असून दोन्ही दृष्टी एकत्र राखण्याची सोयही त्यांत आहे. साधने वाढली, परंतु त्यांतून निवड कोणी करावी आणि तिचे उत्तरदायित्व कोणाकडे असावे, याचा विचार साधनांच्या विचाराइतका पुढे गेला नाही. इन्मन यांच्या पक्षाची उणीव निराळी आहे. नोंद न पुसण्याचा त्यांचा आग्रह मोलाचा आहे. परंतु संपूर्ण संस्थेचे एकमत प्रथम साधण्याची अपेक्षा कित्येकदा कामाचा आरंभच लांबविते.

२०१० साली जेम्स डिक्सन यांनी ‘डेटा लेक’ ही संज्ञा रूढ केली. माहिती मूळ रूपातच साठवावी व तिला आकार वाचतेवेळी द्यावा, असा हा विचार. त्याने साठवण सुलभ झाली. परंतु अर्थनिश्चितीचा प्रश्न त्याने सोडविला नाही, केवळ पुढे ढकलला. आणि पूर्वी एका रचनाकाराने एकदा करावयाची निवड आता प्रत्येक वाचक आपल्या मगदुराप्रमाणे करू लागला.

यास्तव या दोन संप्रदायांची तुलना करताना प्रथम कोणती सारणी बांधली, एवढेच पाहणे पुरेसे नाही. प्रत्येक मोजमापाची व्याख्या कोठे लिहिली आहे, ती कोणी व कधी ठरविली, आणि तिच्यात बदल झाल्यास जुना अर्थ वाचकास उपलब्ध राहतो की नाही, या कसोट्या अधिक मूलगामी आहेत. जुना कारकून चुकलेली रक्कम खरवडून काढीत नसे. ती दुरुस्त करणारी नवी नोंद घालीत असे, म्हणजे चूक आणि दुरुस्ती दोन्ही वहीत राहत. कोठारातील आकड्यांना ही शिस्त बऱ्याच अंशी लाभली आहे. शब्दांना ती लाभेपर्यंत कोठार कितीही भरलेले असले तरी त्यातील आकड्यांवर निर्धास्तपणे विसंबता येणार नाही.